हजेरीपट पाहिल्यावाचून गुणपत्रक वाचू नये

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इच्छापोर नावाचे गाव लागते. एके काळी हे शेतीवाडीचे साधे खेडे होते. आज त्याच्या एका अंगास वाढत वाढत सुरत शहर येऊन भिडले आहे आणि दुसऱ्या अंगास हजिऱ्याची अफाट कारखानदारी उभी आहे. कृभकोचा खताचा कारखाना, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा वायुप्रकल्प, पोलादाचे कारखाने, बंदर, आणि खुद्द इच्छापोरास हिरे व दागिने घडविणाऱ्यांची औद्योगिक वसाहत, असा तेथील पसारा आहे. जेथे काम तेथे माणूस, आणि जेथे माणूस तेथे त्याची मुलेबाळे. हा जगाचा जुना नियम आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरची माणसे पोटापाण्यासाठी त्या बाजूस गेली आहेत, त्यांच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मुलास तिकडे न्यावे की गावीच ठेवावे? नेल्यास तेथील सरकारी प्राथमिक शाळेत घालावे काय? आणि ती शाळा चांगली की वाईट, हे ओळखावे तरी कसे? बहुतेक आईबाप यावर एकच उपाय करतात: शाळेचा निकाल विचारतात. निकाल चांगला म्हणजे शाळा चांगली. निकाल वाईट म्हणजे मास्तर आळशी आणि मुले मठ्ठ. इतक्यावर विषय संपतो. आमच्या मते तो तेथे संपत नाही, उलट तेथेच सुरू होतो.

निकालाचा आकडा

गुजरात राज्यात २००९ सालापासून 'गुणोत्सव' या नावाने प्राथमिक शाळांची तपासणी होत आली आहे. वाचन, लेखन व गणित यांत मुलांची तयारी कितपत आहे हे पाहून शाळेस अक्षरी श्रेणी दिली जाते. हा उपक्रम वाईट नव्हे. ज्या शाळेत पाच वर्षे काढूनही मुलास आपल्या पुस्तकाचा धडा वाचता येत नाही, ती शाळा कोणीतरी तपासलीच पाहिजे. परंतु श्रेणीचे एक अक्षर हे दिवसअखेर ताजव्यात पडलेल्या धान्याच्या वजनासारखे असते. शेत कोणाचे, पाणी किती मिळाले, पेरणी केव्हा झाली, हे ते वजन सांगत नाही.

पवित्र शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. धन्याने एका चाकरास पाच तालांत दिले, दुसऱ्यास दोन दिले व तिसऱ्यास एक दिला. हिशेबाच्या दिवशी पहिल्याने पाचावर पाच मिळविले आणि दुसऱ्याने दोहोंवर दोन. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात धनी या दोन्ही चाकरांची प्रशंसा अगदी त्याच त्या शब्दांत करतो. दहा आणि चार या आकड्यांत मोठे अंतर आहे. धन्याच्या संतोषात मात्र अंतर नाही, कारण प्रत्येकास प्रारंभी काय मिळाले होते हे तो विसरलेला नाही. शाळेचा निकाल वाचतानाही हाच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते. प्रारंभी काय मिळाले होते हे गुणपत्रकात लिहिलेले नसते. ते हजेरीपटात लिहिलेले असते.

बाकांवर कोण बसले आहे?

सुरतेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेली. यात शहराच्या हद्दवाढीचा वाटा आहेच. परंतु बाहेरून आलेल्या माणसांचा वाटाही फार मोठा आहे. खानदेशातून मराठी माणसे आली, ओडिशाच्या गंजाम भागातून यंत्रमागांवर काम करणारे आले, तेलंगणातून विणकर आले, उत्तर प्रदेश व बिहार येथून मजूर आले. म्हणूनच सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा एका भाषेत चालत नाहीत. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांतून त्या चालतात. एका शहराच्या पालिकेने सात भाषांत मुलांस बाराखडी शिकवावी ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल त्या शहराचे मोकळ्या मनाने कौतुक केले पाहिजे.

खानदेश आणि सुरत यांचे नाते आजचे नाही. तापीच्या खोऱ्यातून भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर अशी येणारी आगगाडी गेली शंभराहून अधिक वर्षे माणसांस सुरतेस पोहोचवीत आहे. नवापूरच्या स्थानकाचा तर फलाटच अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. एका बाकावर बसलेल्या दोन उतारूंपैकी एक एका राज्यात व दुसरा दुसऱ्या राज्यात, असा तेथील प्रकार. मोठी माणसे ती रेघ सहज ओलांडतात. लहान मुलास मात्र ती रेघ ओलांडताना पाटीवरची अक्षरे बदलावी लागतात.

मराठी माध्यमाच्या पालिका शाळा मुख्यत्वेकरून जेथे खानदेशी वस्ती दाट आहे तेथे, म्हणजे लिंबायत, उधना, डिंडोली अशा भागांत आढळतात. हजिऱ्याच्या बाजूस बिऱ्हाड केलेल्या कुटुंबास ती शाळा दूर पडते. तिकडील गावोगावच्या सरकारी शाळा गुजराती माध्यमाच्या असतात. मग नंदुरबारहून आलेले आठ वर्षांचे पोर गुजराती वर्गात जाऊन बसते. त्याच्या घरात अहिराणी किंवा भिली बोलली जाते, गावच्या शाळेत ते मराठी शिकलेले असते, आणि आता फळ्यावर गुजराती. गुजराती लिपीस शिरोरेघ नसते; 'ख', 'ज', 'झ', 'भ' यांची वळणेही निराळी. 'शाळा' आणि 'पाणी' हे शब्द कानास ओळखीचे वाटतात, परंतु डोळ्यांस ते अनोळखी दिसतात. अशा मुलाने पहिल्या चाचणीत थोडे गुण मिळविले तर त्यास मठ्ठ म्हणणे हा अन्याय होय.

आपल्या राज्यघटनेने ही अडचण पूर्वीच ओळखली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क हा अनुच्छेद घातला गेला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे त्यात सांगितले आहे. दुसरीकडे, गुजरात विधानसभेने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय सर्व शाळांत सक्तीचा केला आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे आम्ही मानीत नाही. जेथे राहावयाचे तेथील भाषा मुलास यावी हे त्याच्याच हिताचे आहे. आईची भाषा शिकण्याचा पाया असावी आणि शेजाऱ्याची भाषा त्यावरील मजला असावा. पायाच काढून मजला चढविण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

एक साधा हिशेब

आता हजेरीपटातील दुसऱ्या गोष्टीकडे वळू. समजा, इच्छापोरसारख्या ठिकाणच्या एका वर्गात जून महिन्यात ४० मुले आहेत. दिवाळीनंतर त्यांतील १० मुलांचे आईबाप काम संपल्यामुळे दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी नवी १० मुले आली. मार्च महिन्यात पटावर पुन्हा ४० मुलेच दिसतात. वरवर पाहणाऱ्यास वाटते की काहीच बदलले नाही. परंतु वर्षभर एका गुरुजींच्या हाताखाली शिकली ती केवळ ३० मुले. समजा, या ३० पैकी २४ मुलांस नीट वाचता येते आणि नव्याने आलेल्या १० पैकी फक्त दोघांस. म्हणजे ४० पैकी २६; शेकडा ६५.

पलीकडच्या स्थिर वस्तीच्या गावात दुसरी शाळा आहे. तेथेही ४० मुले. कोणी गेले नाही, कोणी आले नाही. त्यांपैकी २८ मुलांस नीट वाचता येते, शेकडा ७०. कागदावर दुसरी शाळा वरचढ ठरते. परंतु पहिल्या शाळेने ज्यांना वर्षभर शिकविले त्यांच्यापैकी शेकडा ८० मुले वाचू लागली. मग उत्तम काम कोणाचे? आणि जी १० मुले दिवाळीनंतर निघून गेली त्यांचे काय? ती पहिल्या शाळेच्या हिशेबात नाहीत, आणि जेथे गेली तेथे बहुधा शेवटच्या बाकावर बसली आहेत, किंवा बसलीच नाहीत. निकालाच्या कोणत्याही आकड्यात न सापडणारी ही मुलेच आमच्या चिंतेचा खरा विषय आहेत.

ही चिंता कल्पनेतील नाही. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांचा ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यासाठी डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. शाळेचे दुसरे सत्र नेमके त्याच वेळी उघडते. वीटभट्टी व बांधकाम यांचेही दिवस पावसाळ्यानंतरचेच. शेताचे व कारखान्याचे पंचांग एक आणि शाळेचे पंचांग दुसरे. त्या दोहोंच्या फटीत मूल पडते. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी ज्या मुलीस खोपीवर ठेवले जाते, ती तर या फटीत सर्वांत खोल पडते.

विद्वानांनी काय पाहिले

शाळेचा निकाल आणि मुलांच्या घरची स्थिती यांचा संबंध इतर देशांतही तपासला गेला आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सुमारे ६ लाख विद्यार्थी व ४ हजार शाळा यांची पाहणी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. शाळांच्या इमारती व साधने यांतील फरकापेक्षा मुलाचे घर आणि त्याचे वर्गसोबती यांचा त्याच्या प्रगतीवर अधिक परिणाम होतो, असे त्यात दिसून आले. हे वाचून कित्येकांनी हात टेकले. घरची गरिबीच जर सर्व ठरविते तर मास्तराने करावे तरी काय? परंतु १९८३ साली हेनमन व लॉक्सली या दोन संशोधकांनी निरनिराळ्या २९ देशांची तुलना करून दाखविले की गरीब देशांत शाळेच्या व शिक्षकाच्या गुणवत्तेचा प्रभाव फार मोठा असतो. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्यास शाळेतील पुस्तक हेच सर्वस्व. ज्याचे आईबाप निरक्षर, त्यास चांगले गुरुजी मिळणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे होय.

तेव्हा हजेरीपट पहा असे आम्ही म्हणतो ते शाळेस सबब मिळावी म्हणून नव्हे. देशातील ग्रामीण मुलांच्या वाचनाची पाहणी 'असर' या नावाने २००५ पासून होत आली आहे. तिच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले शेकडा १६.३ होती, २०२४ मध्ये ती शेकडा २३.४ झाली. सुधारणा झाली खरी, परंतु चार मुलांतील तीन मुले अद्यापि मागेच आहेत. ही सर्वच मुले काही स्थलांतरित नव्हेत. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस शाळा भरावी आणि ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरविले आहे. आपल्या गावच्या शाळेत हे पाळले जाते काय, असे विचारण्याचा प्रत्येक आईबापास अधिकार आहे. गरिबीचे कारण सांगून गुरुजींनी पुस्तक मिटू नये, आणि गुरुजींचे कारण सांगून आईबापांनी दार मिटू नये.

कायद्याने दिलेला हात

२००९ साली संमत झालेला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्क कायदा स्थलांतरित कुटुंबांस पुष्कळ आधार देतो. परंतु माहितीच्या अभावी तो कागदावरच राहतो. म्हणून त्यातील काही गोष्टी येथे सांगतो.

सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलास वर्षाच्या मध्येच आला म्हणून सरकारी शाळा नाकारू शकत नाही. जन्माचा दाखला जवळ नाही म्हणूनही नाकारू शकत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी शाळा बदलण्याचा हक्क राहतो, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला विनाविलंब दिला पाहिजे. तो दाखला यावयास उशीर झाला तरी नव्या शाळेने मुलास बाहेर ठेवू नये. मूल मागे पडले असेल तर त्यास वयास अनुरूप वर्गात बसवून वेगळे शिक्षण द्यावे. शाळेची व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. शिवाय महाराष्ट्रात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी 'शिक्षण हमी पत्रक' देण्याची पद्धत आहे, आणि आईबाप ऊसतोडीस गेले असता मुलांस गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहेही आहेत.

न्यावे की ठेवावे?

आता मूळच्या कठीण प्रश्नाकडे येऊ. कुटुंबाने एकत्र राहावे अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे पत्रक काढले त्याच्या आरंभीच नाझरेथच्या पवित्र कुटुंबास परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हणून पुढे ठेवले आहे. हेरोदाच्या भीतीने संत योसेफ मिसरास गेला तो बाळ येशूस व पवित्र मरियेस बरोबर घेऊन गेला. असे असता, शाळेसाठी मुलास आईबापांपासून दूर ठेवावे असे आम्ही धर्मगुरू असून कसे सांगावे? आणि दुसऱ्या बाजूने, वर्षातून दोनदा उखडल्या जाणाऱ्या रोपाने मूळ धरावे असे तरी कसे म्हणावे?

यावर सर्वांस लागू पडेल असे एकच उत्तर नाही. परंतु कामाचे स्वरूप पाहून दोन मार्ग सांगता येतात. काम काही महिन्यांचेच असेल, आणि गावी आजीआजोबा धडधाकट व मायाळू असतील, किंवा विश्वासाचे वसतिगृह असेल, तर मुलास गावच्या शाळेतच राहू द्यावे. हा विरह चारपाच महिन्यांचा असतो. शाळेतून तुटलेला धागा मात्र कित्येकदा जन्मभर जुळत नाही. उलट काम कायमचे असेल, हजिऱ्यास नोकरी लागली असेल, तर बापाने एकट्याने तेथे वर्षानुवर्षे राहू नये. सुरत शहरात २०११ साली दर हजार पुरुषांमागे आठशेहूनही कमी स्त्रिया होत्या. खोलीत दाटीने राहणाऱ्या एकट्या पुरुषांचे जीवन कोणत्या मोहांनी वेढलेले असते हे सांगण्याची गरज नाही. अशा वेळी सर्व कुटुंबाने जावे. मात्र जून महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी जावे.

जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा आणि शाळेच्या संगणकीय नोंदीतील मुलाचा कायम क्रमांक लिहून घ्यावा. बिऱ्हाड शोधताना भाड्याबरोबर शाळेचे अंतरही विचारावे. मराठी शाळा आवाक्यात असल्यास आठवीनंतर पुढे कोणत्या माध्यमाची शाळा मिळेल याची आधीच चौकशी करावी. मूल पहिलीत जावयाचे असेल व तेथेच वाढावयाचे असेल तर गुजराती शाळेस भिऊ नये. तीच त्याच्या सवंगड्यांची भाषा होईल. चौथीपाचवीतील मुलास मात्र शक्य तो एकदम माध्यम बदलावयास लावू नये. आणि कोणत्याही शाळेत घातले तरी घरातील मराठी मिटू देऊ नये. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मुलाने शुभवर्तमानाचा चारपाच ओळींचा उतारा मोठ्याने वाचावा, आणि महिन्यातून एकदा गावच्या आजीस स्वतःच्या हाताने पत्र लिहावे. यास खर्च येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत असे म्हटले आहे. ते पदवीधर असावेत अशी अट तिने घातलेली नाही.

शेवटी, जे वाचक कोठेही गेलेले नाहीत, आपल्याच गावी सुखाने नांदत आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. तुमच्या गावाच्या शिवेवरही वीटभट्टी असेल, रस्त्याचे काम असेल, ऊसतोडीचा तळ असेल. तेथील मुले तुमच्या शाळेत येतील तेव्हा, 'यांच्यामुळे आपल्या शाळेचा निकाल उतरतो,' असे म्हणू नका. इच्छापोरच्या वाटेवर आपली मुले जशी परकी, तशीच तुमच्या दारी ती परकी. व्यवस्थापन समितीत बसण्याची संधी मिळाली तर गुणपत्रकाअगोदर हजेरीपट मागा. कोणते नाव मध्येच थांबले, कोणते नाव मध्येच आले, कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी आहे, हे पहा; आणि सभा संपल्यावर त्यांतील एका तरी मुलाच्या घरी जाऊन या. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळास आपण प्रभू म्हणतो. त्यास तरी ते एक हरवले आहे हे कसे कळले? त्याने कळप मोजला होता म्हणून.